घर पाहावं उघडून

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर काय करू नये, याची यादी आईनं आमच्याकडून पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतली होती. फ्रिज उघडायचा नाही. टेबलावरचे कागद वाचायचे नाहीत. आतल्या खोलीत बोलावल्याशिवाय जायचं नाही. आणि कशालाही, म्हणजे कशालाही, हात लावायचा नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात सांता फे नावाचं शहर आहे. तिथल्या एका घरात नेमकं हेच सगळं करायला लोक तिकीट काढून रांगेत उभे राहतात.

अल्बुकर्कीला भाचीकडे गेलो होतो. तिथून सांता फे तासाभरावर. "इंटरॅक्टिव्ह आर्ट आहे, मामी," भाची म्हणाली. "म्हणजे चित्र भिंतीवर नसतं, तुम्हीच चित्रात असता." हे ऐकून नवऱ्याचा चेहरा आधारकार्डावरच्या फोटोसारखा झाला. कलेशी त्याचं नातं दहा फूट अंतरावरचं आहे. हात मागे बांधायचे, पाटी पूर्ण वाचायची, 'हं' म्हणायचं आणि पुढच्या पाटीकडे सरकायचं.

आमच्याबरोबर नवऱ्याच्या आत्या होत्या. आत्या मिरजेच्या, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. दुसऱ्याच्या घरातला कागद, मग तो सातबारा असो की लाइटचं बिल, त्यांच्या नजरेतून सुटत नाही. "पाणी घेते हं," म्हणत त्या नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात शिरतात आणि बाहेर येतात तेव्हा त्या घराचा ताळेबंद त्यांच्या डोक्यात तयार असतो. मी आयुष्यभर त्यांच्यामागून 'अहो आत्या, असू द्या' म्हणत फिरलेली आहे.

या घराचं नाव 'हाउस ऑफ इटर्नल रिटर्न'. ते 2016च्या मार्चमध्ये उघडलं. उभं करणाऱ्या कलाकारांच्या टोळीचं नाव 'मियाऊ वुल्फ'. 2008 साली ही मंडळी एकत्र आली तेव्हा नाव काही सुचेना. मग प्रत्येकानं शब्द लिहून चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यांतल्या दोन उचलल्या. एक निघाली 'मियाऊ', दुसरी 'वुल्फ'. आपल्याकडे बारशाला आत्या हजर असते, म्हणून असले प्रसंग येत नाहीत.

जागा म्हणजे एक बंद पडलेली बोलिंग ॲली. ती विकत घेतली 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी. ते सांता फेचेच रहिवासी. त्यांनी ती या कलाकारांना भाड्यानं दिली. त्यांच्या मालिकेचा मागचा खंड 2011 साली आला आणि पुढच्याची जग अजून वाट बघतंय, हेही भाचीनं पुरवलं. आत्यांना खंडाशी कर्तव्य नव्हतं. "लेखक, आणि घरमालक?" त्या थबकल्या. "आमच्याकडचे सगळे लेखक भाडेकरूच बघितलेत मी."

बाहेर वाहनतळावर हातातलं फूल न्याहाळणारा एक अवाढव्य लोखंडी यंत्रमानव उभा आहे. नवऱ्यानं तो दहा फुटांवरून पाहिला, 'हं' म्हटलं आणि आपलं झालं अशा समाधानानं तो गाडीकडे वळला. त्याला वळवून आत नेलं.

आत, छपराखालच्या अंधारात, एक अख्खं दुमजली जुन्या वळणाचं घर उभं आहे. कथा अशी की सेलिग नावाचं कुटुंब कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो गावी राहत होतं. एका रात्री त्या घरात काहीतरी भलतंच घडलं, काळ आणि अवकाश फाटले, आणि घरातून भलभलत्या जगांत जाणाऱ्या वाटा उघडल्या. काय घडलं, ते घर धुंडाळून आपण शोधायचं. सुमारे वीस हजार चौरस फूट जागा, सत्तरच्या वर खोल्या, आणि 'इकडून सुरुवात' असा बाण कुठेही नाही. नवऱ्यानं बाण शोधण्यातच बराच वेळ घालवला.

आत्यांना बाणाची गरज पडली नाही. दाराबाहेरची टपालपेटी त्यांनी वाटेतच उघडली. "आत्या, दुसऱ्याचं पत्र आहे ते!" मी सवयीनं म्हणाले. "पाकीट फोडलेलं आहे," आत्या चष्मा चढवत म्हणाल्या. "फोडलेलं पाकीट म्हणजे जाहीर नोटीस." पत्र वाचून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी फ्रिज उघडला.

आत दूध नव्हतं, कोथिंबीर नव्हती, कालची भाजी नव्हती. आत होता पांढराशुभ्र उजळलेला बोळ, लांबवर जाणारा. कलासमीक्षक या क्षणाला बहुधा वास्तवाचा भंग म्हणतील. आत्या म्हणाल्या, "अगं, मागची बाजूच नाही! थंडावा टिकणार कसा?" आणि पदर खोचून त्या फ्रिजमध्ये शिरल्या. मागून येणाऱ्या तीन गोऱ्या तरुणांना त्यांनी मराठीत बजावलं, "दार लावून घ्या, वीज जाते." त्यांनी निमूटपणे लावलं.

पुढे आमची फाटाफूट झाली. भाची कपडे वाळवायच्या यंत्राच्या घसरगुंडीतून कुठल्याशा दुसऱ्या जगात उतरली. एका खोलीत धुक्यातून लेझरचे किरण उभे होते. किरण हातानं अडवला की स्वर निघे. मी तिथे दोन-चार किरण अडवून पाहिले. निघालं ते संगीत नव्हतं, पण कुणी तक्रार केली नाही.

नवऱ्याला मात्र दिवाणखान्यातल्या शेकोटीतून पलीकडे रांगत जावं लागलं. गुडघ्यांना न विचारता घेतलेला निर्णय. पलीकडे गुहा आणि तीत मॅस्टोडॉनचा, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या नातलगाचा, चमकता सांगाडा. त्याच्या बरगड्यांवर टोले मारले की त्या वाजतात. नवरा हात मागे बांधून पाटी शोधत स्तब्ध उभा होता. एक चिमुरडी आली, तिनं आधी बरगड्या वाजवल्या, मग याच्याकडे निरखून पाहिलं आणि वाजवायची काठी याच्या पोटावर हलकेच टेकवली. चित्रात असणं म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी समजलं असावं. कारण त्यानं काठी मागून घेतली, आणि मी पोचले तेव्हा हा गृहस्थ मॅस्टोडॉनवर झपतालाच्या मात्रा धरून बसला होता. समेवर चिमुरडी टाळी देत होती.

आत्या सापडल्या त्या अभ्यासिकेत. पुढ्यात डायऱ्या, कात्रणं, टिपणं. भोवती तेच तीन तरुण. ती पोरं दुपारपासून या कुटुंबाचं कोडं सोडवत होती आणि दर खोलीत आणखी गुंतत होती. आत्यांनी कचेरीतल्या शिस्तीप्रमाणे आधी तारखा लावल्या, मग नाती लावली, मग कोण कुणापासून काय लपवतंय ते लावलं. भाची इंग्रजीत सांगत होती, पोरं माना डोलावत होती. मी मात्र पहिल्यांदाच 'असू द्या' म्हणाले नाही. ज्या चौकशीला आम्ही घरात चांभारचौकशी म्हणत आलो, तिच्या जोरावर इथे एक अख्खी कलाकृती उलगडत होती.

"भुताटकी-बिताटकी काही नाही," आत्यांनी निकाल दिला. "या घरात प्रत्येकाची डायरी वेगळी, गुपित वेगळं, आणि बाहेर पडायचं दारही वेगळं. एकानं जरी दुसऱ्याच्या टेबलावरचा कागद वेळेवर वाचला असता, तर हे प्रकरण वाढलंच नसतं."

एका तरुणानं ते वहीत उतरवून घेतलं.

"लिहू नका इतक्यात," आत्या उठत म्हणाल्या. "पंचनामा पुरा नाही झाला. शेजारी कुठे राहतात यांचे?"

हे घर बोलिंग ॲलीत बांधलेलं आहे, त्याला शेजार नाही, हे भाचीनं त्यांना समजावलं.

"शेजारच नाही?" आत्या म्हणाल्या. "मग असंच होणार की!"