हीटरवाले राव

तंजावरात गाडीचा हीटर दुरुस्त करायला निघालेला माणूस वेडा तरी असतो किंवा राव तरी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग इथं येऊन राहिलेल्या घराण्यांपैकी एकातले हे राव. शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. घरात मराठी, गल्लीत तमिळ आणि अँबॅसडरशी इंग्रजी, तीही शिव्यांपुरती.

मे महिन्यात इथं पारा ४० अंशांच्या आसपास हिंडतो. पण रावांचं म्हणणं असं की अँबॅसडर ही मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड, तेव्हा हीटर हा तिचा जन्मसिद्ध हक्क आहे. आधीचा मालक निलगिरीतल्या चहामळ्यावरचा; त्यानं तो हौसेनं बसवून घेतला होता. दुखणं उघडं पडलं डिसेंबरात, कोडाइकनालला. २,१०० मीटर उंचीवरची रात्र, ब्लोअर घरघरला आणि पायांवर गार वारा आला. वहिनींनी मफलर गुंडाळला, बोलल्या काहीच नाहीत. रावांना तेच जास्त लागलं.

दुसरे सरफोजी महाराज डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसकट ठेववून घेत. रावांची गाडीची वही त्याच थाटाची. तारीख, किलोमीटर, लक्षण, उपचार, आणि समासात नळ्यांची चित्रं. परतल्यावर तपासणी सुरू झाली. हीटर म्हणजे तरी काय? इंजिनाचं तापलेलं पाणी डॅशबोर्डाखालच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि मागून पंखा मारायचा. त्या रेडिएटरला जाणारी नळी गरम नि येणारी थंड असेल, तर आत गाळ साठला किंवा वॉल्व्ह अडकला. राव दोन्ही नळ्या दोन मुठींत धरून डोळे मिटून उभे राहत. दोन्ही गरम. मग काचा चढवून, ब्लोअरपाशी थर्मामीटर धरून आत बसत. वारा गरम! पण तंजावरच्या दुपारी पंखाही गरम वाराच देतो. गुण हीटरचा की गावाचा, हे ठरेना. शर्ट मात्र पिळायला आला.

मग ‘आत हवा अडकली असणार’ हा सिद्धांत निघाला. त्यासाठी गाडीचं नाक वर करून पाणी भरावं लागतं, म्हणजे चढ हवा. कावेरीचा सगळा मुलूख परातीसारखा सपाट. मोठ्या देवळाच्या शिखरावरचा दगड चढवायला सारपळ्ळमपासून कित्येक मैलांची उतरण बांधली होती, अशी इथली दंतकथा. ‘हजार वर्षांपूर्वी या गावात चढ होता, आज अँबॅसडरला मिळत नाही,’ असं राव चारचौघांत म्हणू लागले. शेवटी पुढची चाकं विटांवर चढवली. हवा निघाली, दोष राहिला.

मेकॅनिकनं एकच प्रश्न विचारला होता : ‘एदुक्कु सार?’ कशाला, साहेब? पुढं त्यालाच दया आली. कोडाइकनालला तापमानाचा काटा कुठं होता, असं त्यानं विचारलं. रावांनी अभिमानानं वही उघडली : ‘काटा तळाशीच. इंजिन उत्तम थंड राहते.’ मेकॅनिकनं पाना उचलला आणि इंजिनाच्या डोक्यावरचं थर्मोस्टॅटचं झाकण काढलं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. तो नसला की इंजिनातलं पाणी तापायच्या आधीच मोठ्या रेडिएटरकडे पळतं. मैदानात ते खपून जातं, डोंगरावर इंजिनच गारठतं, मग हीटर देणार काय?

‘कोणी काढला?’ राव गरजले. मेकॅनिकनं वहीची पानं मागं उलटली. रावांच्याच सुबक अक्षरात नोंद होती : ‘उन्हाळा कडक. थर्मोस्टॅट काढविला. आता चिंता नाही.’

नवा थर्मोस्टॅट बसला. पुढच्या डिसेंबरात वहिनींनी मफलर सोडला आणि राव उदास झाले. आठवडाभर त्यांना वहीत लिहायला काही सापडेना. मग हीटरचा नॉब सैल असल्याचं ध्यानात आलं. तो घट्ट करताना फुटला. वाचकांपैकी कोणाच्या अडगळीत जुन्या अँबॅसडरच्या हीटरचा काळा नॉब पडला असेल, तर कृपा करून कळवावं. पण एकच पाठवा. दोन पाठवलेत तर दुसऱ्यासाठी राव आणखी एक हीटर बसवतील.