रा. रा. बेंचपती दादा यांस

॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥

अंबाजोगाई

तीर्थरूप दादा,

सा. न. वि. वि. वयाने मी मोठा आहे, पण दंडाचा घेर पाहता तीर्थरूप आपणच. साष्टांग नमस्कार प्रत्यक्षातच घालणार होतो, पण आडवं व्हायला जमीन मोकळी लागते आणि तिथे सध्या आपल्या प्लेटा पसरल्या आहेत. म्हणून पत्रावर भागवतो.

मी कोण, हे आपल्याला आठवणार नाही. भिंतीकडच्या कोपऱ्यात अडीच किलोचे डंबेल घेऊन हात वरखाली करणारा, पांढऱ्या मिशांचा निवृत्त विज्ञानाचा मास्तर. डॉक्टर म्हणाले, ‘सर, मुकुंदराजाच्या रस्त्यानं नुसतं फिरून भागायचं नाही. या वयात स्नायू झिजतात. थोडं वजन उचलत जा.’ म्हणून जिमला ॲडमिशन घेतलं. ते वजन आपण ठेवून गेलेलं असेल, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीत नव्हतं.

त्या लेग प्रेसचंच घ्या. आपण दोन्ही बाजूंना 20 किलोच्या चार-चार प्लेटा चढवता. झाले 160 किलो. चढवायला दोन पोरं असतात, ‘दादा, अजून दोन होतेत की’ म्हणायला तिसरं, व्हिडिओला चौथं. मग आपले गुडघे चार बोटं वाकतात आणि आपली आरोळी पार बसस्टँडपर्यंत जाते. मोजून पाच वेळा. त्यानंतर आपण उठता, मांडीवर थाप मारता आणि आरशाकडे प्रस्थान ठेवता. प्लेटा तिथेच. आपल्यामागून माझ्यासारखा कोणी येतो, एकेक करून आठही प्लेटा छातीशी धरून खाली उतरवतो, आणि रिकाम्या लेग प्रेसवर बसायची वेळ येते तोवर त्याचा व्यायाम होऊन गेलेला असतो. माझी पाठ हल्ली सुधारली आहे म्हणतात सगळे. श्रेय आपलं.

लेग प्रेस निदान जमिनीला बोल्ट मारून बसवलेला आहे. बेंच प्रेसच्या रॉडचं तसं नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन प्लेटा ठेवून आपण गेलात, आणि मागून आलेल्या नवख्यानं एका बाजूच्या तिन्ही आधी काढल्या, तर दुसरी बाजू सपकन खाली बसते आणि रिकामं टोक वर उडतं. तराजूचा धडा आहे हा, शाळेत आपणही पाठ केला असेल. एका पोराची हनुवटी त्यात थोडक्यात वाचली. आपण लांबून हसून म्हणालात, ‘नवीन हाय वाटतं.’ नवीन होतंच ते, दादा. प्लेटा जुन्या होत्या, आपल्या होत्या.

आता बेंच. हत्तीखाना लेण्यांची कथा आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. योगेश्वरीच्या लग्नाला निघालेलं वऱ्हाड, मुहूर्त टळला आणि जागच्या जागी दगड झालं. ते दगड व्हायला निदान पहाट उजाडावी लागली. आपण बेंचवर टेकलात आणि मोबाईल हातात घेतला की पुढच्या क्षणाला शिळा. मी एकदा अदबीनं विचारलं, ‘दादा, किती सेट राहिलेत?’ आपण वर न बघता म्हणालात, ‘लास्टच हाय सर. बसा की तवर.’ कुठे बसू, हे सांगायचं राहिलं, कारण बसायची जागा आपल्याखाली होती. मग फोन आला. स्पीकरवर. बारा गुंठ्यांचं प्लॉटिंग, एनए झालंय का नाही, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत, कोणती बहीण सही द्यायला अडून बसली आहे, सगळं आम्हा पंधरा-वीस जणांना कळलं. बहिणीचं बरोबर आहे, असं आमच्या कोपऱ्याचं मत पडलं, पण आपण विचारलं नाहीत.

जड वजनानंतर दोन-तीन मिनिटं विसावा घ्यावाच लागतो, हे मला मान्य. पण आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस धावला. पाण्याचे खड्डे आणि अडथळे ओलांडत त्यानं ती शर्यत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत संपवली, अवघ्या पाच शतांश सेकंदानं सोनं हुकलं आणि रौप्य मिळालं. आपल्या दोन सेटच्या मधल्या विसाव्यात तो सगळी शर्यत धावून, कपाळ पुसून, रॉडपाशी येऊन उभा राहिला असता आणि आपण त्यालाही म्हणाला असतात, ‘लास्टच हाय.’

कपाळ पुसण्यावरून आठवलं. बेंचवरून आपण उठता तेव्हा रेक्झिनवर आपली आकृती उमटलेली असते. खांदे, पाठ, मधला कणा, सगळं साफ दिसतं. शरीरशास्त्राच्या तासाला असा तक्ता मला कधी मिळाला नाही. पण त्यावर पाठ टेकायची माझी हिंमत होत नाही, दादा. गजकर्णाची बुरशी घाम आणि दमट कापडावरच पोसते, एकमेकांच्या टॉवेल-बनियनवरून सगळ्या बॅचभर फिरते. मग पोरं मेडिकलवाल्याकडून चाळीस-पन्नास रुपयांची ट्यूब आणतात. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा दुप्पट होऊन परत येतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं एवढं मोठं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उशाला असलेल्या गावात ही तऱ्हा. यावरचा उपाय एक टॉवेल आहे. ज्या गावात दासोपंतांनी अख्खी पासोडी लिहून भरली, त्या गावच्या माणसाला हातभर नॅपकिन पिशवीत टाकून आणता येऊ नये?

पाण्याच्या कूलरचं मात्र हसण्यावारी नेववत नाही. आपण शेकर त्यातच विसळता, पावडरीचे गोळे जाळीत अडकतात, मग उरलेलं पाणी डोक्यावर ओतून केस मागे सारता. 2016 चा उन्हाळा आपण विसरलात का? मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपलं पाणीही त्याच धनेगावच्या धरणातून येतं. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं आज त्या कूलरसमोर आपल्या मागे उभी असतात आणि आपल्या केसांतून ओघळणारं पाणी बघतात. ती काही बोलत नाहीत. बोलायला हवं होतं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. बॉडीस्प्रे आपण अंगावर मारत नाही, हवेत मारता आणि त्यातून चालत जाता. डंबेल छतापर्यंत उचलून जमिनीवर सोडता, खालच्या मजल्यावरच्या दुकानात काय पडतं ते दुकानदारच जाणे. पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवून ठेवता. रीलमध्ये आपल्या मागे तोंड वासून श्वास घेणारा म्हातारा आहे तो मी. नातीनं मला ती रील दाखवली, आणि ‘आजोबा व्हायरल’ म्हणून शेजारच्या बायकांना बोलावलं. त्याबद्दल रागावत नाही. पण एकदा विचारा तरी.

आणि सल्ले. प्रत्येक नव्या पोराजवळ उभं राहून ‘असं नाय रे, कोपर आत घे’ म्हणायचा आपला छंद आहे. स्वतःचं कोपर कुठे जातं, ते आरसा सांगत नाही, कारण आपण त्यात दंड बघत असता. मला आपण सांगितलंत, ‘सर, रोज दहा अंडी खा, रिझल्ट बघा.’ मी माळकरी आहे, दादा. गळ्यातली माळ दिसली नसेल, मान्य, नजर बहुतेक माझ्या दंडावर होती आणि तिथे बघण्यासारखं काही नाही. पण पोरांना आपण बिनलेबलाच्या डब्यातली पावडर देता आणि ‘सुई’चा विषय हळू आवाजात काढता, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा होतो. बारावीतल्या पोराचं यकृत आणि हृदय हा आपल्या ओळखीच्या दुकानदाराचा धंदा नव्हे.

एक गोष्ट मात्र सरळ लिहितो, तिच्यात गंमत नाही. लेडीज बॅचची वेळ झाली तरी आपली मंडळी दारात, पायऱ्यांवर, मोटारसायकलींवर टेकून असतात. कोण आलं, कोण गेलं, याची नोंद ठेवल्यासारखी. त्या मुली आणि बाया खाली मान घालून आपल्यामधून वाट काढत आत जातात. माझी सून दोन महिने जाऊन थांबली. कारण सांगितलं नाही तिनं. मला जिन्यावर उभं राहिल्यावर कळलं.

तालमीच्या काळाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. तिथे बायकांना उंबरा बंदच होता, आणि सगळ्याच वस्तादांना सगळीच पोरं सारखी होती असंही नाही. पण मी लहानपणी तालमीत गेलो आहे, म्हणून एवढं सांगतो. हौदातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालायचा आणि रोज फावड्यानं ती खणून मऊ करायची. ती पाळी सगळ्यांना असायची. पाटलाचं पोरगं असो की पेठेतल्या शेटचं, पाळी आली की फावडं हातात. मारुतीला नमस्कार करून आत शिरायचं, चपला बाहेर. चपलेबरोबर बापाची ओळखही तासाभरापुरती बाहेर राहायची. कुस्ती झाली की हरणाराच नव्हे, जिंकणाराही दुसऱ्याच्या अंगावरची माती झटकायचा. आपल्या जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत शिकला, 2018 ला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि 2019 ला जागतिक स्पर्धेचं कांस्य घेऊन आला. आपल्या जिमच्या भिंतीवर परदेशी बॉडीबिल्डरांचे सहा पोस्टर आहेत. त्याचं एक असतं तर भिंत काही पडली नसती.

आपल्या जिममध्ये लोखंड सगळं नवं आलं, वस्ताद तेवढा आला नाही. जो ट्रेनर आहे, तो बावीस वर्षांचा आहे आणि आपल्याला ‘दादा’ म्हणून आपला बेंच पुसतो. मी मालकांकडे विषय काढला. भिंतीवर तर पाटी आहेच, ‘व्यायाम झाल्यावर वजने जागेवर ठेवावीत’, लाल अक्षरांत. मालक इकडेतिकडे बघून म्हणाले, ‘सर, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ऐकताव. त्यांना कोण सांगणार? त्यांच्यासोबत वीस पोरं येतेत, उद्या समोरच्या जिमला जातील. अन् नगरपालिकेत आपलं काम पडतंच की.’ मग मला चौकातला फ्लेक्स आठवला. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हात बांधून उभे आपण, खाली ‘भावी नगरसेवक’, आणि त्याखाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. त्यातले निम्मे चेहरे लेग प्रेसला प्लेटा चढवणारे.

म्हणजे 20 किलोची प्लेट हातभर लांब असलेल्या स्टँडपर्यंत का पोचत नाही, याचं उत्तर पदार्थविज्ञानात नाही. मी उगाच तराजूचा धडा काढून बसलो. आपण ती उचलली, तर ती उचलणारा माणूस म्हणून आपण दिसाल, आणि दिसायचं आहे ते उचलायला माणसं असलेला माणूस म्हणून. हे कोडं सुटायला मला जरा वेळच लागला. सुटल्यावर मी शांतपणे आपल्या प्लेटा उचलायला लागलो, आणि मालक माझ्याकडे बघून ओशाळं हसले.

तेव्हा दादा, एकच विनंती. नगरपालिकेच्या निवडणुकीला आपण उभे राहाल, घरोघर हात जोडत फिराल. माझ्या घरीही याल. मी दार उघडीन, चहा देईन, मत देईन की नाही ते मात्र त्या दिवशी सांगणार नाही. रस्ता करून देतो, गटार करून देतो, म्हणाल. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा आठ प्लेटा येतील. त्याला माझा इलाज नाही. आमच्या कोपऱ्यात मास्तर, पोस्टमन, कापड दुकानवाले, एक निवृत्त कंडक्टर, दोन नर्सबाई आणि बारावीची पाच-सहा पोरं आहेत. पोरं यंदा अठराची होतायत. आपण कोणाचं वजन कोणाला उचलायला लावता, याची मोजदाद त्यांच्या वहीत आहे. मी त्यांना विज्ञान शिकवत नाही, पण नोंदी ठेवायला मीच सांगितलं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
अडीच किलोवाले सर

ता. क. : 15 किलोच्या जोडीतला एक डंबेल दिसत नाही. आपल्या स्कॉर्पिओच्या डिक्कीत एकदा पाहावे. तिथे असल्यास आणून स्टँडवर ठेवावा, पोरांकरवी पाठवू नये.