पर्यटकाने पेन जपून वापरावे

साहित्य हल्ली कोणी मनावर घेत नाही, ही लेखकमंडळींची जुनी रड. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याबद्दल मात्र अशी तक्रार करायला जागा नाही.

मे २००४ मध्ये ब्रिटिश लेखिका एलेना लॅपिन ‘गार्डियन’च्या कामासाठी लॉस एंजलिसला उतरल्या. ‘फिरायला आले’ म्हणाल्या असत्या, तर ब्रिटिश पासपोर्टवर व्हिसाशिवाय ९० दिवस खुशाल हिंडल्या असत्या. बाई खरं बोलल्या. पर्यटकाने डोळे उघडे ठेवले तर खात्याची हरकत नसते. पाहिलेलं बातमीदार म्हणून लिहायचं तर वेगळा ‘आय’ व्हिसा लागतो. मग झडती, हातात बेड्या, रात्रभर कोठडी आणि लंडनचं परतीचं विमान.

त्याच वर्षी ब्रिटिश कादंबरीकार इयन मॅकइवन यांना कॅनडातल्या व्हँकूव्हरला अडवलं. सिअ‍ॅटलच्या व्याख्यानाचं मानधन खात्याला फार वाटलं. (शाल-श्रीफळावर भागवलं असतं, तर वेळेवर पोचले असते.) गृहस्थ बुकरविजेते, काही महिन्यांपूर्वीच लंडनमध्ये तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांच्यासोबत जेवलेले. बरीच खटपट झाल्यावर त्यांना आत सोडलं.

लेखकांच्या या अडवणुकीची मुळं १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्यात. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून तो मंजूर झाला आणि विचारांवरून माणूस वेशीबाहेर ठेवायची सोय झाली. ब्रिटिश कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन ऑक्सफर्डात असताना काही आठवडे कम्युनिस्ट पक्षात होते. ते प्रकरण १९५४ मध्ये त्यांना पोर्तो रिकोतून परत पाठवायला पुरलं. १९८५ मध्ये कॅनडाचे लेखक फार्ली मोवॅट यांना टोरांटोतच रोखलं. न्यूफाउंडलंडवरून उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांवर त्यांनी .२२ ची बंदूक झाडली, हाही एक आक्षेप! पुढे तात्पुरता परवाना देऊ केला, तो मोवॅट यांनी नाकारला आणि या सगळ्या प्रकारावर पुस्तक लिहून काढलं. खात्याने नवोदितांसाठीही असे विषय पुरवावेत.

कोलंबियाचे कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केस तर नोबेल मिळाल्यावरही काळ्या यादीत होते. अखेर राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन त्यांचे चाहते निघाले, म्हणून बंदी उठली.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्या ‘आय’ व्हिसाबद्दल नवा प्रस्ताव आला: परदेशी बातमीदाराला एका वेळी २४० दिवस, चिनी असेल तर ९०. पुढे राहायचं तर मुदतवाढीचा अर्ज. आता या खात्याच्याच कारभारावर बातमी करायची झाली, तर ती अर्जाआधी छापायची की नंतर, याबद्दल बातमीदारांनी आपसांत ठरवून घ्यावं.