नगरात जेवावे कोठे?

१४९० साली मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या ज्या नगरात इराणी मुत्सद्दी, हबशी सरदार, दख्खनी शिलेदार आणि मराठे मनसबदार एकत्र नांदले, आणि ज्याच्या शेजारी भिंगारला पुढे इंग्रजांची छावणीही पडली, त्या नगराच्या पाकशाळेत न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल स्वयंपाकाला शोभेल असा रुचिसंगम आढळेल, या अपेक्षेने शिर्डी-शिंगणापूरचा क्षुधित यात्रेकरू हमरस्त्यावर उतरतो, तेव्हा त्याचे स्वागत ‘पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन’ या त्रिखंडव्यापी फर्मानाने होते. निजामशाही १६३६ साली बुडाली, मोगल, पेशवे आणि कंपनी सरकार यांचे अंमल आले नि गेले, २०२४ साली शहराचे नावही सरकारदप्तरी अहिल्यानगर झाले. पनीर बटर मसाल्याची सुभेदारी मात्र अबाधित आहे.

वास्तविक या जिल्ह्याचे वैभव ज्वारीच्या भाकरीत, झणझणीत आमटीत आणि थंडीतल्या शेतावरच्या हुरड्यात आहे. परंतु ज्या पदार्थास खाद्ययादीत इंग्रजी नाव नाही, त्यास आपल्या उपाहारगृहांच्या दरबारी मुजऱ्याचीही परवानगी मिळत नाही. तात्पर्य, नगरचे अन्न अद्याप नगरकरांच्या घरीच शिजते. यास्तव जिज्ञासू खवय्याने येथे हॉटेल शोधण्याच्या भानगडीत न पडता आधी एखादा सोयरा शोधावा.