ताण तुमचा, चटई कंपनीची

10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला, की कचेऱ्यांना माणसांच्या मनाची आठवण होते. एचआरची मेल येते : तुमचं मन आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली वेबिनारची लिंक. वेळ संध्याकाळी साडेसहा, म्हणजे घरी निघायची. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. तज्ज्ञबाई सांगतात, नाही म्हणायला शिका. तेवढ्यात टीम लीडचा मेसेज टपकतो, 'जरा अर्जंट आहे, रात्रीत करून टाक.' आता म्हणा नाही! अप्रेझल तोंडावर आहे.

योजना झकास आहे. ताण द्यायचा कंपनीने आणि घालवायचा कर्मचाऱ्याने, तोही स्वतःच्या वेळात. चौघांचं काम दोघांवर टाकायचं आणि त्या दोघांना योगाची चटई भेट द्यायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी; बंबावर कंपनीचा लोगो तेवढा ठळक.

बरं, बंबात पाणी तरी आहे का? ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46 हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाची अ‍ॅपं, तणावमुक्तीचे वर्ग वगैरेंत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे निघाले नाहीत. हे 2024 मध्ये छापून आलं. त्याआधी 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगून ठेवलंय, की कामाची घडी बदला आणि वरिष्ठांना प्रशिक्षण द्या. पण आपल्याकडे वेबिनारला साहेब नसतात. ते मीटिंगमध्ये असतात.

थट्टा इथे थांबवावी लागते. जुलै 2024 मध्ये पुण्यातल्या एका बड्या कंपनीतली 26 वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले असताना गेली. कामाच्या ओझ्याने गेली, असं तिच्या आईने कंपनीला पत्रातून लिहिलं. कंपनीला ते मान्य नव्हतं. मग कामगार खात्याचे अधिकारी पाहणीला गेले आणि त्यांना आढळलं, की 2007 पासून चालणाऱ्या त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नाही. तिथे पाहणीला जायला खात्याला 17 वर्षं आणि एक मृत्यू लागला.

हा कायदा तसा साधा आहे. महाराष्ट्राने 2017 मध्ये तो नव्याने केला, तेव्हा ठरलं : दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, वरच्या तासांना दुप्पट पैसे. व्यवस्थापक आणि देखरेखीच्या पदांवरचे लोक मात्र त्यातून वगळलेत. म्हणूनच की काय, ज्याच्या हाताखाली मांजरही नाही, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरही 'असिस्टंट मॅनेजर' असतं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मनावर घेतलं काय, तर रोजच्या 9 तासांचे 10 करायचे!

उद्योगपतींना तेवढ्यानेही समाधान नाही. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याचे 70 तास सांगितले. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन 90 वर गेले. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, हा त्यांचा सवाल. बायकांना कुणी विचारलं नाही. उलट बाजूने सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्येच ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही.

समुपदेशक हवेतच. ज्याला गरज आहे, त्याला ते गुपचूप आणि फुकट मिळायला हवेत. पण त्याआधी एक स्वस्त उपाय करून बघा. चटया आणू नका, वेबिनार ठेवू नका. हुद्दा काहीही असो, जादा तासांचे दुप्पट पैसे दर महिन्याला न चुकता पगारात जमा करा. रात्री नऊचं काम सकाळी दहापर्यंत खुशाल थांबू शकतं, हा शोध हिशेब खात्याला पहिल्याच महिन्यात लागेल.