निवृत्तीचं नियोजन

साठीनंतरही काम करत राहण्याची तयारी चाळिशीतच करा, असं हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना सल्लागार सांगतात, तेही फी घेऊन. जरा पुढे कासारसाईला ही तयारी फुकटात झालेली असते. भातखाचरात उतरणाऱ्या म्हाताऱ्याचं निवृत्तीचं वय सरकारने ठरवलेलंच नाही. साहेबाचं ५८ आणि शिपायाचं ६० तेवढं ठरवलं. आमदारालाही वय नाही म्हणा, पण त्याला पेन्शन आहे.

कारखान्यातला कामगार तरी सुखी असेल? इथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी कारखान्यांतल्या कामगारांना ईपीएस-९५ ही पेन्शन योजना लागू असते आणि तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये. त्यानंतर तेल, डाळ, गॅस सगळ्यांनी बढती घेतली. हजार रुपये मात्र निष्ठेने जागेवरच. पेन्शनर ७५०० मागताहेत, सरकार विचार करतंय. तोवर कुणी सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी धरतो, कुणी कासारसाईच्या धरणावर फिरायला आलेल्यांना कणसं भाजून देतो. शहरात याला ‘सेकंड इनिंग’ म्हणतात.

सल्लागारांनी पुढची फी घेण्याआधी एक महिना हजार रुपयांत काढून दाखवावा.