घरचा बदली कामगार

घरात पहिली पाळी सातला सुरू होईल, असं मी निवृत्तीनंतर लगेच जाहीर केलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मग पाचपासून मी काय करत होते?"

सूतगिरणीत मी टाइमकीपर. मॅनेजर येतात-जातात, मशिनं भंगारात निघतात, पण फाटकावरची वेळ ज्याच्या ताब्यात, गिरणी त्याची, ही माझी पक्की समजूत. सूर्यसुद्धा अक्कलकोटच्या बाजूनं वर येताना कार्ड पंच करूनच येतो, असं मला वाटायचं. त्यामुळं अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर दिवस आखायचं काम मला अवघड जाईल, असं कुणी म्हटलं असतं तर त्याचा मी हाफ डे मांडला असता.

तक्ता केला. लाल शाईत मधल्या सुट्ट्या, निळ्या शाईत कामं. सात ते आठ अक्कलकोट रोडला फिरणं, आठ ते साडेआठ पेपर, नऊला घरातल्या बाबींवर देखरेख. ही देखरेख पहिल्याच दिवशी बंद पडली. कडक भाकरी किती कडक असावी, याविषयी मी सूचना केली आणि चुलीपुढून मला फाटकाबाहेर काढण्यात आलं. शेजारच्या आजी मात्र मान देतात. भिंतीपलीकडून "टाइम एष्ट आत्री?" असं विचारतात. त्यांच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे. तरी विचारतात, म्हणून मी सेकंदासकट सांगतो.

गुरुवारी सोलापूरहून स्वामींच्या दर्शनाला पायी निघालेले लोक आमच्या वळसंगात थांबतात. "अक्कलकोट अजून किती?" असं त्यांनी विचारलं की किलोमीटर सांगणं मला कमीपणाचं वाटतं. "चार तास, चहा धरून साडेचार," असं मी सांगतो. काही जण हसतात, काही जण घड्याळ लावून बघतात. कुणी बाबासाहेबांनी पाणी प्यायलेल्या विहिरीकडं जायचा रस्ता विचारला तर सोबत जातो. तिथं मात्र माझं तोंड बंद असतं आणि वेळेचं भान राहत नाही. तक्त्यात ती जागा मी कोरी ठेवली आहे.

आता सुताचा काउंट समजावल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. घरातली म्हणते, खुशाल जाता येतं. पण ऐका. 840 यार्ड सुताची एक लडी. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतात, तितका काउंट. वीस काउंट म्हणजे एका पौंडात 16,800 यार्ड. आपल्या सोलापुरी चादरीला लागतं तसलं जाड, इमानी सूत. ऐंशी काउंट म्हणजे 67,200 यार्ड; वजन तेवढंच, लांबी चौपट. आकडा वाढला की सूत बारीक, हे पाहुण्यांना कधी पटत नाही. मोठा आकडा म्हणजे मोठा दोरा, असंच त्यांना वाटतं. एका जावयाला मी हे जेवणाआधी, जेवताना आणि बडीशेप चघळताना समजावलं. तेव्हापासून तो आला की आधी मुलांना पुढं पाठवतो. तर सांगायचं काय, नोकरीतला माझा दिवस वीस काउंटाचा होता. आताचा ऐंशीचा. लांबच लांब, आणि पंख्याचा वारा लागला तरी तुटतो. सांधायला गिरणीतला सायडर कुठून आणायचा?

शेवटी उमजलं, घरात मी बदली कामगार आहे. गिरणीत कायम माणूस आला नाही तर फाटकावर ताटकळणाऱ्या बदलीला आत घेत. तसंच, गॅसवाला आला आणि कुणी मोकळं नसेल तर मी. नातवाला शाळेतून आणायचं आणि सुनेला उशीर झाला तर मी. फाटक उघडायची वाट बघत ओट्यावर बसायचं, एवढीच हजेरी.

रविवारच्या पुरवणीत निवृत्तांसाठी सल्ले येतात. छंद जोपासा, बासरी शिका, जुन्या मित्रांबरोबर सहलीला जा. वाचताना माझं डोकं तापतं. आमच्या कट्ट्यावरचे अर्धे जण रात्री एमआयडीसीत वॉचमन आहेत. 1995च्या योजनेतलं पेन्शन कसं निघतं, ते मला तोंडपाठ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. आणि 2014 पासून किमान रक्कम 1000 रुपये. महिन्याला. कार्डिंगमध्ये कापसाचा धुरळा खाल्लेल्या, रिंग फ्रेमपुढं पाळीभर चालत राहिलेल्या माणसानं त्यात बासरी घ्यायची की तेल? त्यांचा दिवस कसा घालवायचा, हा प्रश्न पेन्शननंच सोडवून टाकला. तिसरी पाळी लावून दिली. मला तक्ते करायला सवड आहे, ती मुलगा कमावता आहे म्हणून.

ते रातपाळी करून आले की तोंड धुऊन तसेच स्टँडजवळच्या कट्ट्यावर येतात. मस्टर नाही, कार्ड नाही, तरी नऊला सगळे हजर. मागच्या उन्हाळ्यात एक जण दिसला नाही म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. मुलं पुण्याला; हा तापानं फणफणलेला, घोटभर पाणी द्यायला कुणी नाही. त्या दिवसापासून कट्ट्यावर कुणी न सांगता गैरहजर राहायचं नाही, असं ठरलं. नियम मीच सुचवला होता, हे ओघानं आलंच.

परवा मला वामकुक्षीसारखी काहीतरी सकाळीच लागली. सव्वानऊला दारावर थाप. दोघं उभे.

"काय बे, कुठं होतास?"

आयुष्यभर लोकांना हा प्रश्न मी विचारला. मला कुणी विचारला नव्हता. इतकं बरं वाटलं की डोळे चोळायच्या निमित्तानं जरा आत वळलो. मग बाहेर येऊन, लाइट गेली होती, गजर वाजला नाही, असली सगळी कारणं दिली. दोघांनीही ती कधी ना कधी माझ्याच खिडकीवर सांगितलेली. एकही मंजूर झालं नाही. दंड म्हणून सगळ्या कट्ट्याला चहा.

मी आत पैसे मागायला गेलो. घरातली म्हणाली, "पगारातून कापा म्हणावं."